खिल्लारे सर आणि सत्काराची शाल

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसल्या बसल्या पाय हलवणारे लोक पुष्कळ होते. इतिहासाचे सर डावा हलवायचे, इंग्रजीचे उजवा आणि उपप्राचार्य दोन्ही. पाय हलवला की घरातली लक्ष्मी जाते असं म्हणतात, पण कायम नोकरीतल्या माणसाची लक्ष्मी सहसा कुठे जात नाही, त्यामुळे कुणी मनावर घेत नसे. या सगळ्या पायांकडे हळहळून बघणारा एकच माणूस होता. भौतिकशास्त्राचे मिलिंद खिल्लारे सर. ते दारात उभे राहून थोडा वेळ बघायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "लय वाया जायलाय, सर. लय वाया जायलाय."

काय वाया जातंय ते पहिल्यांदा कुणाला कळलं नाही. इतिहासाच्या सरांना वाटलं आयुष्याबद्दल बोलताहेत. त्यांनी दोन दिवस पाय हलवला नाही.

खिल्लारे सर बोलत होते विजेबद्दल. माणूस चालतो, वाकतो, खुर्चीत बसून पाय हलवतो, त्यातली शक्ती फुकट जाते. ती धरून ठेवायची आणि तिच्यावर अंगावरची बारकी यंत्रं चालवायची, म्हणजे ताप मोजणारी पट्टी, नाडी मोजणारं घड्याळ असली. सेल नको, चार्जर नको. शक्ती धरायला जाळं लागतं आणि ते जाळं विणायला धागा लागतो. डोक्यावरचा एक केस घेऊन त्याचे उभे शंभर भाग केले तर त्यातला एक भाग, एवढा तो धागा बारीक. त्याला नॅनोफायबर म्हणतात. दाबला की त्यात वीज उठते, म्हणजे नावापुरती उठते. आमचं सेलू कापसाचं गाव. जिनिंगच्या दिवसांत इथल्या माणसांच्या भुवयांवरसुद्धा कापूस बसतो. अशा गावात न दिसणाऱ्या धाग्याचं कौतुक कुणाला असणार?

मी त्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. माझं ग्रंथालय आणि सरांची प्रयोगशाळा यांच्यामध्ये एक भिंत होती आणि भिंतीत एक खिडकी होती. खिडकीला चौकट होती, दारं नव्हती. त्यामुळे अकरा वर्षं मी त्यांचं बोलणं ऐकलं आणि त्यांच्या रसायनांचा वास घेतला. वाचकांची तक्रार येण्याचा प्रश्न नव्हता, कारण वाचक येत नसत.

अकरा वर्षं म्हणालो, कारण तेवढी वर्षं सर आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवत होते. शिकवाल तेवढ्या तासांपुरते प्राध्यापक, घंटा झाली की बाहेरचा माणूस. आपल्या शिक्षणक्षेत्रात काटेकोरपणे पाळलं जाणारं हे एकच तत्त्व आहे. भौतिकशास्त्राची एक कायम जागा रिकामी होती. सरांकडे पीएचडी होती, अनुभव होता, परदेशी नियतकालिकांत छापलेले तीन लेख होते. नव्हती ती फक्त त्यांच्या फाईलवर संस्थेच्या अध्यक्षांची सही. अध्यक्षांना सगळे दादासाहेब म्हणत. दादासाहेब दरवर्षी म्हणत, "पुढच्या वर्षी बघू." इकडे सरांच्या कानशिलावरचे केस पांढरे होत चालले होते आणि भरतीला वयाची अट होती. आणखी एक वर्ष गेलं असतं तर ती फाईल रद्दीत घालायच्या लायकीची झाली असती.

सर उंच, काटकुळे. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, ते हवेतला ओलावा मोजायचं यंत्र ठेवायचे. हवेत ओल असली की त्यांचा धागा तुटायचा, गाठी पडायच्या. त्यामुळे पावसाळाभर ते सुतक असल्यासारखे हिंडायचे. मे महिन्यात मात्र, ज्या उन्हात आमच्या परभणी जिल्ह्यातली कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत, त्या उन्हात सरांचा चेहरा फुलायचा. "काय झकास हवा पडलीय, सर," असं मे महिन्याच्या दुपारी म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

धागा काढायचं यंत्र त्यांनी स्वतः जमवलं होतं. विकतच्या यंत्रासाठी कॉलेजकडे अर्ज केला तर प्राचार्यांनी शेरा मारला, "सूतकताईसाठी टकळी वापरावी." मग सरांनी जनावरांच्या दवाखान्यातून मोठी काचेची पिचकारी आणली. जुन्या रंगीत टीव्हीच्या पोटातून हजारो व्होल्ट तयार करणारा भाग काढला. मिठाईच्या दुकानातलं एक जुनं काचेचं कपाट आणून त्यात सगळं मांडलं. कपाटावर 'आमचे येथे शुद्ध तुपातील' एवढी अक्षरं अजून होती. यंत्र चालू झालं की सुईच्या टोकावर थेंब यायचा, तो टोकदार व्हायचा आणि त्यातून काहीतरी सुटायचं. ते दिसायचं नाही. पण समोर फिरणाऱ्या रुळावर तासाभराने दुधावर धरावी तशी पांढरी साय धरायची. ती साय बोटावर घेऊन सर खिडकीतून मला दाखवायचे. मी चष्मा पुसून "वा!" म्हणायचो. ते खुश व्हायचे. एवढं कौतुक त्यांना पुरत असे.

एकदा एक बातमीदार आला. सरांनी त्याला दोन तास समजावून सांगितलं, त्याने दोन कप चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी बातमी आली: 'आता शर्टातून वीज! सेलूच्या प्राध्यापकाची किमया'. प्राचार्यांनी ते कात्रण चौकट करून स्वतःच्या खुर्चीमागे लावलं. आठवड्याच्या आत ताडकळसहून एक शेतकरी मोटारसायकलवर आले. ताडकळस हे सरांचं गाव, त्यामुळे ते सरांना लहानपणापासून ओळखत होते. खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"मिलिंदा, असला एक शर्ट शिवून दे. पाच एचपीची मोटर चालाया पायजे."

"मामा, ह्याच्यावर हरभऱ्यायेवढा दिवा लागतो. तेबी तुमी हालत राहिलात तर."

"हालतो की! दिवसभर हालतो. म्हातारीलाबी हालवतो."

"मामा, सारं ताडकळस हाललं तरी मोटर न्हाई फिरायची."

"मग पेपरवाल्यानं कामून छापलं?"

"त्यो बसून लिव्हतो, मामा."

मामा उठले आणि जाताना प्राचार्यांच्या खोलीत डोकावून म्हणाले, "तुमचा मास्तर लय हुशार हाय, पण त्याला धंदा जमत न्हाई." प्राचार्यांनी दोन्ही गोष्टी मान्य केल्या. खरं म्हणजे सरांना नेमकं हेच जमत नव्हतं. असेल त्यापेक्षा रतीभर जास्त सांगायचं त्यांच्या जिभेला वळणच नव्हतं. विद्यार्थ्याने प्रयोगवहीत उत्तर जुळवून लिहिलं तर ते रागावत नसत. फक्त वही परत देऊन म्हणायचे, "चुकीचं असू द्या, पण तुमचं असू द्या."

या सगळ्या खटाटोपाचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. सरांचे वडील ताडकळसहून येऊन आमच्याच गावच्या कापसाच्या बाजारात हमाली करायचे. पुढे साखरेचा आजार झाला आणि तळपायाची जाणीव गेली. एक दिवस चपलेत खिळा घुसला तो दिवसभर पायातच राहिला. मी त्यांना भेटलो तेव्हा उजव्या पायाची दोन बोटं काढलेली होती. म्हातारा हसत सांगत होता, "खिळा व्हता म्हणं चपलीत. मला ठावच न्हाई. म्या आपला बाजार करून आलो." सर बाजूला उभे होते. ते हसले नाहीत.

सरांना चपलेत घालायची एक पट्टी करायची होती. पाऊल पडलं की धागे दाबले जाणार, त्याच दाबाची वीज होणार आणि त्याच विजेवर चपलेच्या पट्ट्यावरचा हिरवा दिवा लुकलुकणार. जिथे नको तेवढा दाब पडेल तिथला दिवा लाल. सेल संपला, चार्ज करायचं विसरलं, अशी भानगड नाही. माणूस चालेल तोवर दिवा चालेल. म्हाताऱ्याच्या चपलेवर तो हिरवा दिवा लुकलुकताना मी स्वतः पाहिला आहे. पाऊल टाकलं की लागायचा, थांबलं की विझायचा. म्हातारा अंगणात उगाच फेऱ्या मारायचा आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचा.

मग कॉलेजचं मूल्यमापन करायला बाहेरून समिती यायचं ठरलं. सहा महिने आधीपासून आम्ही रंग देत होतो. खिडकीला दारं बसली, कुंड्या भाड्याने आल्या, माझ्या ग्रंथालयात शेजारच्या वर्गातून वाचक आणून बसवायचं वेळापत्रक ठरलं. दाखवण्यासारखं मात्र एकच होतं, सरांचा दिवा. प्राचार्यांनी सरांना बोलावलं. मीही समोर होतो, कारण समारंभाचं सगळं लिखाण माझ्याकडे असे.

"समितीच्या अध्यक्षांच्या अंगावर दिवा लागला पाहिजे," प्राचार्य म्हणाले. "दादासाहेब पहिल्या रांगेत असतील. दिवा लागला की त्याच संध्याकाळी तुमच्या फाईलवर सही. मी शब्द घेतलाय."

सरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. म्हणाले, "लागंल की. पावण्यांनी फकस्त चप्पल घालून दहा पावलं चालायचं."

प्राचार्यांनी हातातला पेन खाली ठेवला. "खिल्लारे, पाहुण्यांना चप्पल द्यायची? सत्कारात?"

हा मुद्दा बिनतोड होता. आमच्याकडे पाहुण्याच्या खांद्यावर शाल घालतात, हातात नारळ देतात, डोक्याला फेटा बांधतात. चप्पल देण्याचा प्रसंग वेगळा असतो. त्यामुळे पायाखाली चालणारं यंत्र शालीत शिवायचं ठरलं. सरांनी परोपरीने सांगितलं की शालीवर दाब पडत नाही, शाल पांघरलेला माणूस बसतो आणि माणूस बसला की सगळं संपतं. प्राचार्य म्हणाले, "बसतील, पण टाळ्या तर वाजवतील?"

सरांनी पंधरा दिवस घालवून कोपरापाशी आणि काखेपाशी पट्ट्या शिवल्या, छातीवर हिरवा दिवा लावला. शिपाई मारोतरावांना शाल पांघरून बसवलं. मारोतरावांनी तमाशाला बसल्यासारख्या टाळ्या वाजवल्या आणि दिवा फटाफट लुकलुकला. सर मला म्हणाले, "जमलं, सर." त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदाच घाई ऐकली. अकरा वर्षांत या माणसाने कधी जागेबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्या दिवशी मात्र म्हणाले, "बाबाला सांगितलंय, औंदा होईल म्हणून."

मला झोप लागेना. मी आयुष्यभर समारंभ पाहिले आहेत. मोठी माणसं टाळ्या मारोतरावांसारख्या वाजवत नाहीत. ती उजव्या हाताची दोन बोटं डाव्या तळव्यावर ठेवतात आणि उचलतात. कोपर खुर्चीच्या हातावरून हलत नाही. तेवढ्यावर सरांचा दिवा काही लागला नसता, आणि दिवा नाही तर सही नाही.

शाल माझ्या कपाटात ठेवली होती, कारण कॉलेजात कुलूप लागणारं कपाट तेवढं एकच. समारंभाच्या दिवशी सकाळी मी लवकर गेलो. ग्रंथालयाच्या बंद संगणकातला नाण्याएवढा चपटा सेल काढला. अकरा वर्षं खिडकीतून ऐकून दिव्याच्या दोन तारा मला माहीत झाल्या होत्या. त्या सेलला जोडल्या, अस्तर पुन्हा पुस्तक बांधायच्या मेण लावलेल्या दोऱ्याने शिवून टाकलं आणि लागलेला दिवा दिसू नये म्हणून वर कापडाची घडी घातली. वाईट काम केलं असं मला तेव्हा वाटलं नाही. उलट देवाने करायचं काम आपल्या हातून झालं असंच वाटलं.

समारंभ सुरू झाला. पाहुण्यांना शाल घातली, घडी उलगडली आणि छातीवर हिरवा दिवा लख्ख पेटला. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. पाहुण्यांनी दोन बोटं तळव्यावर ठेवली. दादासाहेबांनी मागे वळून प्राचार्यांकडे पाहिलं आणि मान डोलावली. ती मान म्हणजेच सही, हे आम्हा सगळ्यांना कळलं. मी खिल्लारे सरांकडे पाहिलं. ते दिव्याकडे बघत होते आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली होती.

प्राचार्यांनी प्रास्ताविक सुरू केलं. प्रास्ताविकात कॉलेजचा इतिहास होता आणि तो संस्थापकांच्या आजोबांपासून होता. विसाव्या मिनिटाला पाहुण्यांची मान छातीवर आली. चाळिसाव्या मिनिटाला ते गाढ झोपले. काही म्हणता काही हलत नव्हतं आणि हिरवा दिवा त्यांच्या हनुवटीखालून ढळढळीत जळत होता. सेल घालताना दिवा लागला पाहिजे एवढंच माझ्या डोक्यात होतं. सरांचा दिवा विझतोही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

सभागृहात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. माझ्या शेजारचे उपप्राचार्य भारावून म्हणाले, "झोपेतसुद्धा वीज!"

सर उठले. व्यासपीठावर गेले आणि प्राचार्यांच्या समोरून माईक आपल्याकडे वळवला. माईक किंचाळला.

"माफ करा," सर म्हणाले. "सायेब झोपलेत. दिवा लागायला नको. माझा दिवा मानूस थांबला की थांबतो. ह्यो थांबत न्हाई, म्हंजे ह्याच्यात सेल हाय. ही वीज माझी न्हाई."

माईकच्या आवाजाने पाहुणे दचकून जागे झाले. भाषण संपलं असं वाटून त्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी वाजवल्या म्हणून सभागृहाने वाजवल्या. समितीच्या अहवालात पुढे 'बसल्या जागी वीजनिर्मितीचा अभिनव प्रयोग' असा उल्लेख आला आणि कॉलेजला चांगली श्रेणी मिळाली. पण पहिल्या रांगेतल्या दादासाहेबांनी शब्द न् शब्द ऐकला होता.

चौकशी समिती नेमली गेली. सरांवर दोन आरोप होते. पहिला, शालीत सेल ठेवून संस्थेची फसवणूक केली. दुसरा, शालीत सेल असल्याचं जाहीर सांगून संस्थेची बदनामी केली. हे दोन्ही एकाच माणसाने कशाला करावं, असं विचारणारं समितीत कुणी नव्हतं. समितीत तिघे होते: प्राचार्य, उपप्राचार्य आणि इतिवृत्त लिहायला, अक्षर चांगलं म्हणून, मी.

पहिल्या बैठकीत सर म्हणाले, "सेल मी ठेवला नाही." मी ते लिहिलं.

दुसऱ्या बैठकीत प्राचार्यांनी विचारलं, "मग कुणी ठेवला? नाव सांगा. दादासाहेबांशी बोललोय मी. नाव मिळालं तर तुमची फाईल अजून पुढे जाईल."

सर म्हणाले, "कुणी ठेवला ते मला माहीत आहे. पण ते सांगायचं काम माझं नाही." ते माझ्याकडे बघत नव्हते. टेबलावरच्या कोऱ्या कागदाकडे बघत होते. मी तेही लिहिलं, शब्दशः, आणि मनात म्हटलं, पुढच्या बैठकीत सांगू.

पुढची बैठक दहा मिनिटांत संपली. 'खिल्लारे यांनी सहकार्य न केल्याने त्यांची सेवा पुढील वर्षी घेण्यात येऊ नये.' हे वाक्य माझ्या अक्षरात आहे. वेलांट्या-उकार सगळे जागच्या जागी आहेत.

दोन महिन्यांनी ते मला देवगाव फाट्यावर दिसले. मी जिंतूरहून येत होतो. सर हॉटेलच्या पत्र्याखाली उभे होते, पायाशी एक गोणी. जालन्याला कुठल्याशा शिकवणीत काम मिळालं होतं. मी गाडी थांबवली, दोन चहा सांगितले. "हवा कशीय?" असं काहीतरी विचारलं. ते म्हणाले, "ओल हाय." मग माझ्याने राहवेना.

"सर, ती शाल…"

"मला ठावं हाय, सर," ते म्हणाले. "अस्तर उसवलं तवाच कळलं. मेणाचा दोरा कॉलेजात तुमच्याकडंच असतो."

"मी तुमच्यासाठीच केलं हो."

"तेबी ठावं हाय." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. रागावले नव्हते. यंत्रावरचा आकडा वाचून सांगावा तसं म्हणाले, "सेलाचं काय न्हाई, सर. पण तीन बैठका झाल्या. दर बैठकीला मला वाटायचं, आज तुमी लिव्हताल."

जालन्याची बस आली. गोणीत काचेची पिचकारी होती, म्हणून त्यांनी ती टपावर टाकू दिली नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरून ते चढले. आत बसायला जागा नव्हती. दोन्ही हात गोणीला गुंतल्यामुळे त्यांना दांडा धरता येत नव्हता आणि बस सुटताना बसलेल्या हिसक्याने ते मागच्या माणसावर रेलले, मग सावरून उभे राहिले. मी हात वर केला. खिडक्यांत माणसं इतकी होती की त्यांना दिसला की नाही, मला माहीत नाही.

त्याला आता सहा वर्षं झाली. गेल्या वर्षी मी सन्मानाने निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात प्राचार्य माझ्या सचोटीवर पाऊण तास बोलले. निवृत्तिवेतनाचा शेवटचा कागद सही होऊन मंगळवारी माझ्या हातात आला. बुधवारी सकाळी मी हे लिहायला बसलो.